कॉम्प्युटर बंद, पंखे चालू

श्रावणातली रात्र. पावसाची एक मोठी सर येऊन गेली होती. दोनच्या सुमारास लाइट गेले. छताचा पंखा मंदावत मंदावत थांबला आणि त्याच्या आवाजाखाली इतके दिवस दडलेला दुसरा आवाज हॉलमधून ऐकू यायला लागला. लाइट गेल्यावर कॉम्प्युटरला बॅटरीवर वीज देणाऱ्या यूपीएसची शिट्टी होतीच, पण तिच्यामागे एकसारखी घरघर होती. आई हॉलमध्येच झोपते. तिने अंधारातूनच विचारलं, "अगं, तुझं काम अजून चाललंय का?"

मी साडेअकरालाच कॉम्प्युटर बंद केला होता. मॉनिटर काळा झालेला पाहिला होता आणि रोजच्यासारखं कॅबिनेटवर कापडी कव्हर घातलं होतं. उठून कव्हर काढलं तर आत गरम हवा कोंडलेली. पुढचा निळा दिवा लागलेला. मागच्या जाळीपाशी हात नेला तर वारा येत होता. यूपीएसच्या छोट्या पडद्यावर लोड दिसतो, तो पन्नास वॉटच्या आसपास होता. बंद कॉम्प्युटर एवढी वीज खात नाही.

ठाण्यात, नौपाड्यातल्या घरातच मी अक्षरजुळणी आणि मांडणीची कामं करते. श्रावण म्हणजे दिवाळी अंकांची पानं लागायची वेळ, आणि या मशीनवर तेव्हा एका अंकाचे साठएक लेख होते. ते सगळं रात्रभर कापडाखाली तापत पडलेलं असायचं, या विचाराने मला परत झोप लागली नाही.

अंथरुणात पडल्या पडल्या आणखी एक गोष्ट आठवली. गेले काही दिवस सकाळी बटण दाबलं की कॉम्प्युटर लगेच सुरू होत नव्हता. बटण दाबून धरावं लागायचं, मग पुन्हा एकदा दाबलं की सुरू व्हायचा. बटण जुनं झालं असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. खरं तर पहिल्या दाबण्याने तो बंद होत होता आणि दुसऱ्याने सुरू. म्हणजे हे किती रात्री चाललं होतं कोण जाणे. हिशेब केला: पन्नास वॉट, रोज आठ तास, महिन्याला बारा युनिट. पैशापेक्षा कव्हराखालच्या उष्णतेची धास्ती मोठी होती. त्या रात्रीपासून कव्हर काढून ठेवलं.

सकाळी नेहमीच्या दुरुस्तीवाल्यांना फोन केला. त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाले, "ताई, एसएमपीएस गेला. नवा टाकून देतो, अडीच हजार होतील." एसएमपीएस म्हणजे बाहेरून वीज घेऊन कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना पुरवणारा डबा. कदाचित त्यांना असं बऱ्याचदा दिसत असेल. पण न बघता सांगितलेलं निदान मला पटेना. एसएमपीएस गेला असता तर कॉम्प्युटर दिवसभर बिनतक्रार कसा चालला असता? शिवाय अंकाचं काम अडकवून मशीन दुकानात ठेवणं मला शक्यच नव्हतं. मग आधी आपणच बघायचं ठरवलं.

पहिल्या रात्री फक्त निरीक्षण केलं. शटडाउन दिलं आणि समोर घड्याळ ठेवलं. काही एसएमपीएस कॉम्प्युटर बंद झाल्यावरही आपला पंखा थोडा वेळ फिरवतात, आतली उष्णता बाहेर जावी म्हणून. तसं असतं तर काळजीचं कारण नव्हतं. पण तेव्हा फक्त एसएमपीएसचा पंखा फिरतो आणि एक-दोन मिनिटांत थांबतो. माझ्याकडे तिन्ही फिरत होते: प्रोसेसरवरचा, कॅबिनेटच्या मागचा आणि एसएमपीएसचा. वीस मिनिटं झाली तरी वेग तोच. हार्ड डिस्कचा दिवा मात्र पहिल्या अर्ध्या मिनिटातच विझला होता, पुन्हा एकदाही लुकलुकला नाही. त्यामुळे फायली लिहून झाल्या असणार, एवढा दिलासा मिळाला. बटण दाबून धरलं. चारेक सेकंदांनी सगळं शांत झालं.

आणखी एक गोष्ट त्याच रात्री नीट पाहिली. शटडाउननंतर पंखे क्षणभर थांबून पुन्हा सुरू होतात की थांबतच नाहीत? थांबून सुरू होत असतील तर मशीन बंद होऊन लगेच जागं होतंय, आणि त्याची कारणं वेगळी: नेटवर्क कार्ड किंवा माउस-कीबोर्डला दिलेली जागं करण्याची मुभा. माझे पंखे क्षणभरही अडखळले नाहीत. तरीही मी ती मुभा काढून टाकली आणि वेगळी वीज घेणारा यूएसबी हबही उपटून पाहिला. फरक पडला नाही.

विंडोजमध्ये एक गोष्ट मला पूर्वीपासून खटकत होती. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या पानावर मशीन किती वेळ चालू आहे ते दिसतं. मी रोज रात्री बंद करत असूनही तिथे नऊ दिवस लिहिलेलं होतं. याचं कारण फास्ट स्टार्टअप. २०१२ साली विंडोज ८ सोबत ही सोय आली. शटडाउन दिलं की आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. सुरू व्हायला वेळ कमी लागतो, पण खऱ्या अर्थाने बंद होणं राहून जातं. दोष शोधताना ही सोय मध्ये असली की काहीच निश्चित म्हणता येत नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, बटणं काय करतात ते ठरवायच्या पानावर तिची टिक असते. ती करड्या रंगात दिसते. आधी वरची निळी ओळ दाबून बदलाची परवानगी घ्यावी लागते, मग टिक काढता येते. एकदाच पूर्ण बंद करून बघायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक केलं तरी चालतं.

टिक काढली. दुसऱ्या दिवशी चालू वेळ शून्यापासून सुरू झाला. पण रात्री पंखे फिरतच राहिले.

विंडोज आपल्या घडामोडींच्या नोंदी ठेवतं, त्या दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथे ६००६ ही नोंद होती. नोंदी ठेवणारी सेवा रीतसर थांबली की ही नोंद पडते. मशीन अचानक बंद पडलं तर पुढच्या वेळी ६००८ दिसते, ती नव्हती. म्हणजे विंडोजने आपल्याकडून सगळं आवरलं होतं. दिवे मालवले, दारं लावली, पण शेवटी मेन स्विच खाली करणारं कुणी नव्हतं.

माझं काम १९९७ मध्ये सुरू झालं, ठाण्यातल्याच एका छापखान्याच्या माळ्यावर. तेव्हाच्या मशीनवर विंडोज ९५ होतं. शटडाउन दिलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत ओळ यायची, आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही, अशा अर्थाची. मग आपण हाताने खटका दाबायचा. तो खटका थेट विजेचा होता, त्यामुळे शेवटचं काम माणसाचं असायचं. पुढे एटीएक्स पद्धतीचे एसएमपीएस घरोघरी आले आणि ते काम मशीनकडे गेलं. आता एसएमपीएस कधीच पूर्ण झोपत नाही. जांभळ्या तारेतून पाच व्होल्ट सतत मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य पट्टीला, देत राहतो. बोर्ड हिरवी तार जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला जोडून धरतो तोवर एसएमपीएस सगळी वीज सोडतो. ती सोडली की बंद करतो. विंडोज बोर्डाला सांगतं, बोर्ड हिरवी तार सोडतो, एसएमपीएस वीज तोडतो. तीन पायऱ्या. यांतली कुठली अडली, एवढाच प्रश्न होता. तो असा समोर मांडल्यावर माझी अर्धी भीती गेली.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागात आयुष्य काढलं. त्यांना सांगितलं तर ते व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर घेऊनच खाली आले. पण मल्टिमीटर लावण्याआधी त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि तो मला सुचला नव्हता. "यूपीएस बंद करून परत चालू केलास तर पंखे आपोआप फिरायला लागतात का? की बटण दाबावं लागतं?"

करून पाहिलं. बटण दाबेपर्यंत काहीच हललं नाही.

"मग हिरवी तार कुठे कायमची चिकटलेली नाही," काका म्हणाले. "बोर्डामागे एखादा स्क्रू अडकून शॉर्ट असता तर वीज आल्या आल्या पंखे सुरू झाले असते."

मग त्यांनी कॅबिनेटची बाजू उघडली. खाडीजवळच्या आमच्या गावात पावसाळ्यात कनेक्टरवर हिरवट थर चढलेला मी पाहिला आहे, म्हणून आधी टॉर्च घेऊन सगळं तपासलं. धूळ होती, गंज नव्हता. चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर जागेवरच ठेवून, मागच्या बाजूने हिरव्या तारेत त्यांनी लाल टोक अलगद सरकवलं आणि काळं टोक काळ्या तारेला लावलं. ज्यांच्या एसएमपीएसच्या सगळ्याच तारा काळ्या असतात, त्यांनी पिनांचा क्रमांक मोजावा: हिरवी म्हणजे सोळावी, कनेक्टर अडकवणाऱ्या चापाच्या बाजूच्या रांगेतली चौथी, दोन्हीकडे जमिनीच्या पिना असलेली. एसएमपीएसचा डबा मात्र आम्ही उघडला नाही. काकांनी बजावूनच सांगितलं, "प्लग काढला तरी त्याच्या आतले कपॅसिटर भरलेले राहतात. त्यात हात घालायचा नाही."

मशीन बंद असताना मीटरने ४.९ व्होल्ट दाखवले. सुरू केल्यावर ०.१. हे दोन्ही जसे असायला हवेत तसेच. मग मी शटडाउन दिलं. पडदा काळा झाला, पंखे फिरत राहिले आणि आम्ही दोघं मीटरकडे बघत बसलो. एक मिनिट. दोन मिनिटं. ०.१ वरून आकडा हललाच नाही.

काका हसले. "तुझा एसएमपीएस गुणी आहे गं. त्याला अजून कुणी थांब म्हणून सांगितलेलंच नाही. बोर्डाने तार धरून ठेवली आहे, तो बिचारा वीज देतोय."

अडीच हजार वाचले, याचा आनंद होताच. पण पुढचा प्रश्न जास्त महाग होता. बोर्डाला तार सोडता येत नाही, की त्याला तसं सांगणाराच अडखळतोय? बोर्ड बिघडला असेल तर त्या पिढीचा बोर्ड आता नवा मिळत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जाऊन जुना शोधायचा, नाहीतर प्रोसेसर आणि मेमरीसकट सगळंच बदलायचं.

यावर तोड माझ्या भाच्याने काढली. तो ऐरोलीला राहतो. रविवारी ठाण्याची गाडी पकडून तो एक पेनड्राइव्ह घेऊन आला. "मावशी, आधी विंडोज आणि हार्डवेअर वेगळं करून बघू. यात लिनक्स आहे, विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम. तुझ्या डिस्कला हातही न लावता मशीन यावरून सुरू होईल. मग तिथून शटडाउन देऊ." मी त्याला दोनदा विचारलं, अंकाच्या फायलींना धक्का लागणार नाही ना? "तू इन्स्टॉलवर क्लिक करू नकोस, बस. नुसतं वापरून बघायचा पर्याय निवड." तरी आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. आमच्या धंद्यात छापून हातात आलेल्या अंकाशिवाय कशावरच विश्वास ठेवायचा नसतो.

काकांना वर निरोप पाठवला. ते मीटर लावून बसले. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू झालं, मी शटडाउन दिलं. पडद्यावर ओळी धावल्या, मग अंधार, आणि त्याच क्षणी मीटरवर ४.९. पंखे दोन-तीन गिरक्या घेऊन थांबले. हॉलमध्ये कुणीच काही बोललं नाही. इतकी शांतता त्या कोपऱ्यात मी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. पुन्हा केलं, तसंच. तिसऱ्यांदाही तसंच.

बोर्ड शाबूत होता. हार्डवेअरमधलं काहीही विकत आणायचं नव्हतं. माझ्या मते या सगळ्या शोधातली ही सर्वांत मोलाची चाचणी, आणि तिला एक पेनड्राइव्ह आणि पाव तास एवढंच लागलं. कुणीही सुटा भाग विकत घेण्याआधी ती करावी, असं मी ज्याला त्याला सांगते.

उरलं विंडोज. भाच्याने बाहेरच्या कंपन्यांच्या सगळ्या सेवा बंद करून बघितल्या, उपयोग झाला नाही. मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट देऊन, स्टार्टअप सेटिंग्जमधून सेफ मोडमध्ये गेलो. तिथून शटडाउन दिलं आणि पंखे थांबले. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी मोजके ड्रायव्हर, म्हणजे मशीनच्या एकेका भागाशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम, घेतं. म्हणजे अडथळा एखाद्या ड्रायव्हरचा होता. आता जाळं बरंच लहान झालं.

विंडोज अपडेटच्या इतिहासात ड्रायव्हरांची वेगळी यादी असते. आषाढात तीन ड्रायव्हर आपोआप बदलले होते: ग्राफिक्सचा, नेटवर्कचा आणि मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक. हे तिसरं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. बोर्डावरच्या भागांची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या चिपसेटच्या आत एक छोटा स्वतंत्र प्रोसेसर असतो. मुख्य प्रोसेसर झोपला तरी जांभळ्या तारेच्या विजेवर तो जागा राहू शकतो, आणि विजेच्या व्यवस्थेतही त्याचा हात असतो. त्याच्याशी विंडोजला बोलता यावं म्हणून तो ड्रायव्हर. जुन्या बोर्डावरच्या इंजिनाशी नव्या ड्रायव्हरची बोली जुळली नाही, तर सगळं आवरूनही शेवटचा निरोप पोचत नाही. पडदा विझतो, पंखे फिरत राहतात.

तिघांनाही डिव्हाइस मॅनेजरमधून एकेक करून बंद केलं आणि दर वेळी शटडाउन दिलं. नेटवर्क बंद ठेवलं, पंखे चालू. ग्राफिक्स बंद ठेवलं, पडदा जाडाभरडा दिसायला लागला, पंखे चालूच. सिस्टिम डिव्हायसेसमधलं मॅनेजमेंट इंजिन बंद ठेवलं. शटडाउन. पंखे थांबले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "थांबलं गं!" तिचा कान आमच्या मीटरइतकाच तयार झाला होता.

आधीच्या ड्रायव्हरवर परत नेणारं रोल बॅकचं बटण करडं होतं, जुना ड्रायव्हर मशीनवर उरलाच नव्हता. तेव्हा बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जाऊन, आमच्या बोर्डाच्या पानावर दिलेला जुना ड्रायव्हर उतरवून घेतला. इंटरनेट काढलं. डिव्हाइस अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही पुसून टाकण्याची टिक केली, मशीन पुन्हा सुरू केलं आणि जुना बसवला. रात्री शटडाउन दिलं. शांत. भाचा शेवटच्या गाडीने ऐरोलीला गेला.

तीन दिवस सुखाचे गेले. चौथ्या रात्री पुन्हा घरघर.

त्या रात्री मी रडकुंडीला आले होते, हे लिहायला हवं. अंकाची जाहिरातींची पानं डोक्यावर होती आणि सगळं मुळापासून करायची ताकद नव्हती. पण आता कुठे बघायचं ते ठाऊक होतं. डिव्हाइस मॅनेजर उघडून ड्रायव्हरची तारीख पाहिली. नवा परत आला होता. विंडोजने स्वतःहून जुना काढून त्याला बसवलं होतं. पुन्हा जुना बसवला, आणि या वेळी कंट्रोल पॅनेलमधल्या सिस्टिमच्या हार्डवेअर पानावर जाऊन, डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये ड्रायव्हर आपोआप घेऊ नयेत असं सांगितलं. सुरक्षेची अपडेट चालू ठेवली, ती मी कधीच बंद करणार नाही. जुन्या ड्रायव्हरची फाइल एका पेनड्राइव्हवर ठेवली आणि तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावला. सोबत कागदावर तारीख, ड्रायव्हरचा क्रमांक आणि "हाच ठेवणे". पुढच्या वेळी हे मशीन मीच उघडेन असं नाही.

काकांचा मल्टिमीटर परत द्यायला गेले तर ते म्हणाले, "राहू दे अजून चार दिवस, आकडा बघत जा." म्हणून रोज रात्री बघत गेले. ४.९, ४.९, ४.९, ४.९. पाचव्या दिवशी मीटर वर नेऊन दिला, सोबत नारळीपौर्णिमेचा नारळीभात.

अंकाची शेवटची पानं भाद्रपदात गेली. कव्हर धुऊन इस्त्री करून कपाटात ठेवलं आहे. रात्री शटडाउन दिल्यावर अजूनही मी छताचा पंखा मिनिटभर बंद करते, कॅबिनेटच्या मागच्या जाळीवर हात ठेवते आणि वारा थांबेपर्यंत उभी राहते. मग आई म्हणते, "थांबलं. लाव आता पंखा."